मराठवाड्यातील अभियांत्रिकी शिक्षण आणि आरेखन कौशल्य : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
अभियांत्रिकीच्या प्रथम वर्षातील आरेखन हा विषय अनेक विद्यार्थ्यांना अवघड वाटतो. ज्याचा हात मुळात चांगला, त्यालाच हा विषय साधतो, असा समज रूढ आहे. आरेखनाचा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथील अभियांत्रिकी शिक्षणाच्या संदर्भात त्या इतिहासाचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पद्धतीचा उगम :
आधुनिक आरेखनाचा पाया फ्रेंच गणितज्ञ गास्पार मोंज (१७४६-१८१८) यांनी घातला. मेझिएर येथील लष्करी विद्यालयात तटबंदीची रचना ठरविण्यासाठी किचकट आकडेमोड करावी लागे. मोंज यांनी तेच उत्तर कागदावरील रेषांनी काढून दाखविले. एक आडवी व एक उभी अशा परस्परांना लंब असलेल्या दोन प्रतलांवर वस्तूचे प्रक्षेप घ्यावयाचे, हे त्या पद्धतीचे सूत्र होय. प्रारंभी लष्करी गुपित म्हणून जपलेली ही विद्या १७९५ मधील व्याख्यानांतून खुली झाली आणि १७९९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. प्रक्षेपांचे हे शास्त्र चित्रकलेपेक्षा भूमितीचे अपत्य आहे, आणि भूमिती शिकता येते.

मराठवाड्यातील वाटचाल :
१९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यात होता. अभियांत्रिकी पदवीसाठी येथील विद्यार्थ्याला हैदराबाद किंवा पुणे गाठावे लागे. १९५८ मध्ये मराठवाडा विद्यापीठ आणि १९६० मध्ये औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले. त्यामुळे खेड्यातील, मराठी माध्यमातून आलेल्या मुलांनाही ड्रॉइंग हॉलचे दार उघडले. ड्रॉइंग बोर्ड, टी-स्क्वेअर आणि पुढे मिनी ड्राफ्टर ही त्यांची साधने झाली.

या विद्यार्थ्यांची खरी अडचण हातात नव्हे, तर प्रश्नाच्या आकलनात असते. ‘८० मिमी लांबीची रेषा आडव्या प्रतलाशी ३० अंश व उभ्या प्रतलाशी ४५ अंश कोन करते’ हे इंग्रजीतील विधान आधी मनात उभे राहावे लागते. वही काटकोनात उघडून तिच्यासमोर पेन्सिल धरली, की तेच विधान डोळ्यांना दिसते. एकदा ते दिसले, की आकृतीला इंग्रजी-मराठीचा भेद उरत नाही.

उद्योग आणि आरेखनाचे वाचन :
१९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. अशा मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या लघुउद्योगांत ड्रॉइंग हाच व्यवहाराचा दस्तऐवज असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या १९८८ च्या ‘एसपी ४६’ या पुस्तिकेने शाळा-महाविद्यालयांसाठी फर्स्ट अँगल पद्धत स्वीकारली. तीत वरून दिसणारे दृश्य समोरच्या दृश्याखाली येते. अमेरिकन ड्रॉइंगमध्ये प्रचलित असलेल्या थर्ड अँगल पद्धतीत ते वर येते. कोपऱ्यातील छाटलेल्या शंकूचे चिन्ह न पाहता ड्रॉइंग वाचले, तर भाग उलटा, आरशातील प्रतिबिंबासारखा तयार होऊ शकतो. माप अचूक असूनही तो माल भंगारात जातो.

संगणकाचे आगमन :
१९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि पुढे ड्रॉइंग बोर्डाचे महत्त्व ओसरले. आज त्रिमितीय प्रतिमानावरून सॉफ्टवेअर स्वतःच दृश्ये काढून देते. रेषेचा सुबकपणा यंत्राकडे गेला. परंतु कोणते दृश्य आवश्यक आहे, कोणत्या पृष्ठभागापासून माप द्यावयाचे आणि कोणते माप दुबार झाले आहे, हा विवेक अभियंत्याकडेच राहिला.

निष्कर्ष :
आरेखनातील प्रगती म्हणजे दृष्टीची प्रगती होय. त्यासाठी एखादा नट-बोल्ट किंवा बेअरिंगचा ठोकळा हातात घेऊन त्याची तीन दृश्ये मुक्तहस्ते काढणे, दोन दृश्यांवरून तिसरे शोधणे आणि दृश्यांवरून मूळ वस्तू पुन्हा कल्पिणे, हा सराव उपयुक्त ठरतो. मागील तुकडीच्या शीट उतरवून गुण मिळतील. नजर मात्र तयार होणार नाही. मूल्यमापनात स्वच्छतेइतकेच वाचनालाही स्थान दिले, तर ‘हात चांगला नाही’ म्हणून मागे पडणारा विद्यार्थी या विषयात टिकून राहील.