चाकणचे परदेशी नोकरदार : अडवलेल्या अर्जापासून नोंदणी दाखल्यापर्यंत

१/ पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात आज जर्मन, जपानी व कोरियन अभियंते वावरताना दिसतात. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला सुरू झाला आणि हे दृश्य नेहमीचे झाले. परंतु पगारावर आलेले परदेशी लोक चाकणला नवे नाहीत. सुमारे पावणेसहाशे वर्षांपूर्वीही ते येथे होते आणि त्यांचा शेवट अतिशय भीषण झाला. परक्या मुलखात नोकरी करणाऱ्याला तेथील कायदा का ठाऊक असावा, हे त्या घटनेवरून नीट समजते.

२/ बहमनी दरबारात इराण, इराक, अरबस्तान व मध्य आशियातून सैनिक, कारभारी आणि विद्वान येत. त्यांना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत. मराठीत गरीब म्हणजे निर्धन; मूळ अरबी शब्दाचा अर्थ मात्र ‘परका’ असा आहे. हे परके पुष्कळदा धनवान असत, आणि पदे व जहागिरी त्यांना मिळतात म्हणून दखनी सरदार त्यांच्यावर रुष्ट असत.

३/ इ.स. १४५० च्या सुमारास सुलतान अलाउद्दीन अहमद दुसरा याने मलिक-उत्-तुज्जार खलफ हसन या बसऱ्याच्या सरदारास कोकणच्या मोहिमेवर धाडले. त्याने चाकणला तळ केला. पुढे शिर्के राजाने त्याला खेळण्याच्या, म्हणजे आजच्या विशाळगडाच्या, वाटेवर घनदाट अरण्यात नेले. तेथे रात्री छापा पडला. मलिक-उत्-तुज्जार ठार झाला आणि त्याच्या फौजेची धूळधाण उडाली.

४/ वाचलेले आफाकी चाकणच्या किल्ल्यात परतले. दखनी सरदारांनी ऐन वेळी साथ दिली नाही, ही तक्रार ते सुलतानाकडे करणार होते. पण विरोधकांचे पत्र बीदरला आधी पोहोचले : हे परके शत्रूला मिळाले आहेत! किल्ल्यातून निघालेले अर्ज वाटेतच अडवले गेले. सुलतानाने एकच बाजू ऐकली आणि शिक्षेचा हुकूम सुटला.

५/ वेढा सुमारे दोन महिने चालला. किल्ला पडेना, तेव्हा अभय देऊन त्यांना मेजवानीला बोलावले आणि तेथेच कापून काढले. फिरिश्ता बाराशे सय्यद व हजारभर इतर परदेशी मारले गेल्याचे सांगतो. तो स्वतः अस्त्राबादेत जन्मलेला, आदिलशाहीच्या चाकरीतला आफाकी. शिवाय दीडशे वर्षांनंतर लिहिणारा. त्यामुळे त्याचे आकडे जपूनच घ्यावेत. कासिम बेग नावाचा सरदार मात्र निसटून बीदरला पोहोचला. खरी हकीकत कळल्यावर सुलतानाने दोषींना शासन केले. पण मेलेल्यांना त्याचा काय उपयोग?

६/ १४५३ मध्ये गिलानहून महमूद गावान बीदरला आला. पुढे वजीर झाल्यावर त्याने दखनी आणि आफाकी यांच्यात पदांचा समतोल साधण्याचा प्रयत्न केला. १४८१ मध्ये त्याच्याच शिक्क्याच्या बनावट पत्रावरून त्याचा शिरच्छेद झाला. परक्या माणसाचे प्राण पुन्हा एका कागदावर ठरले.

७/ इंग्रजी अमलात हा कागद सरकारी झाला. परदेशी व्यक्तींविषयीचा पहिला महत्त्वाचा कायदा १८६४ चा, म्हणजे १८५७ च्या उठावानंतर सातच वर्षांनी केलेला. नोंदणीचा कायदा १९३९ चा, महायुद्धाच्या उंबरठ्यावरचा. त्यानंतर १९४६ चा परदेशी व्यक्ती कायदा. तिन्हींच्या मुळाशी संशय होता.

८/ पण परदेशी कोण? जुन्या व्याख्येत ब्रिटिश प्रजाजन परदेशी नव्हता! जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तेव्हाही ही व्याख्या कायम होती. ‘जो भारताचा नागरिक नाही, तो परदेशी’ हे १९५७ च्या दुरुस्तीने ठरले.

९/ हाच नोंदणीचा कागद पेल्यापर्यंतही पोहोचला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात परदेशी माणसाला मद्याचा परवाना मिळे; पण तो मद्य प्रचलित असलेल्या देशातला हवा, त्याचे नाव परदेशी नोंदवहीत हवे आणि कायमचे घर भारताबाहेर करण्याचा त्याचा निश्चय हवा. परदेशीयांना वेगळी वागणूक का, हा प्रश्न बलसारा खटल्यात उपस्थित झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये असे वर्गीकरण ग्राह्य धरले. महाराष्ट्रात मद्यपानाला परवाना लागतो, हे आजही अनेक पाहुण्यांना ठाऊक नसते.

१०/ राहण्याचा नियम घरमालकालाही बांधतो. परदेशी व्यक्ती मुक्कामास आल्यापासून २४ तासांत तिची माहिती अधिकाऱ्यांना कळवावी लागते. ‘सी फॉर्म’ म्हणून परिचित असलेला अर्ज तो हाच. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर नोकरीसाठी आलेल्याने १४ दिवसांत स्वतःची नोंदणी करायची असते.

११/ भविष्यनिर्वाह निधीची तरतूद २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगारांना लागू झाली. ज्या देशांशी सामाजिक सुरक्षा करार आहे, तेथून पाठवलेल्या नोकरदाराने मायदेशाचे प्रमाणपत्र दाखवले तर येथे दुहेरी वर्गणी भरावी लागत नाही. कोरियाशी झालेला करार २०११ मध्ये, जपानशी झालेला २०१६ मध्ये आणि जर्मनीशी झालेला सर्वसमावेशक करार २०१७ मध्ये अमलात आला. येथे कागद संशयातून आलेला नाही. तो कामगाराच्या हक्काचा आहे.

१२/ १ सप्टेंबर २०२५ पासून आप्रवास व परदेशी व्यक्ती कायदा, २०२५ लागू झाला. १९३९ आणि १९४६ चे कायदे इतिहासजमा झाले. एक जुने तत्त्व मात्र टिकले : आपण परदेशी नाही, हे सिद्ध करण्याचा भार राज्यावर नसून त्या व्यक्तीवरच आहे.

१३/ म्हणून नोंदणीचा दाखला, सी फॉर्मची पोच आणि नोकरीचा करार यांच्या प्रती परदेशी नोकरदाराने स्वतःजवळ ठेवाव्यात; घरमालकानेही आपला अर्ज वेळेत भरावा. चाकणच्या संग्रामदुर्गाचे अवशेष आजही गावातच उभे आहेत. त्या किल्ल्यातल्या माणसांनी आपली बाजू लिहिली होती. ती दरबारी नोंदलीच गेली नाही.