वॉटर कूलिंग, संगणकाचे (अल्पखर्ची)

प्रोसेसर किंवा ग्राफिक्स कार्डात तयार होणारी उष्णता वाहत्या पाण्याने उचलायची, रेडिएटरपर्यंत न्यायची आणि तिथे पंख्याच्या हवेत सोडायची, या पद्धतीला वॉटर कूलिंग म्हणतात. चिपवर बसणारा धातूचा ब्लॉक, पंप, रेडिएटर, पाण्याची छोटी टाकी आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या नळ्या एवढाच तिचा संसार. मोठ्या यंत्रांत ही पद्धत जुनी आहे. 1980 साली जाहीर झालेल्या आयबीएम 3081 या मेनफ्रेममधल्या चिपा पाण्यानेच थंड ठेवल्या जात. घरगुती संगणकात ती 2000च्या आसपास हौशी मंडळींनी रुजवली आणि ती रुजली काटकसरीतूनच. तयार भाग फारसे मिळत नसल्याने मत्स्यालयाचा पंप, भंगारातल्या मोटारीच्या हीटरचा कोअर आणि घरी ड्रिल मशीनवर कोरलेला तांब्याचा ब्लॉक यांवर काम भागवले जाई. अमेरिकेतल्या हौशींमध्ये 1977च्या पॉन्टिॲक बॉनव्हिल गाडीचा हीटर कोअर त्यासाठी नावाजलेला होता. पुढे या छंदाभोवती बाजार उभा राहिला आणि वॉटर कूलिंग म्हणजे पैसेवाल्यांचा थाट असा समज पसरला. तो खरा नाही. मात्र ‘चार स्वस्त भाग जोडले की झाले’ हा उलटा समज त्याहून महागात पडतो. कमी खर्चाच्या जुळणीत प्रत्येक भागापाशी एकच प्रश्न विचारायला हवा : इथे पैसे वाचवले तर फटका दोन-चार अंशांचा बसेल, की मदरबोर्डच हातचा जाईल?

या प्रश्नाला पंप अनपेक्षितपणे सोपा निघतो. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला सुमारे 4,186 जूल उष्णता लागते. म्हणजे 200 वॉट उष्णता सोडणाऱ्या चिपवरून मिनिटाला फक्त एक लिटर पाणी गेले, तरी ते बाहेर पडताना तीन अंशांहून कमी तापलेले असते. चौपट पाणी ढकलणारा पंप आणला तर ही वाढ पाऊण अंशावर येते. ब्लॉकच्या आत वेगवान पाणी थोडी जास्त उष्णता उचलते हे खरे, पण एकूण फायदा मोजकाच. पंपाबाबत आणखी एक गैरसमज खर्च वाढवतो : रेडिएटर वर बसवला की जोरकस पंप हवा. बंद चक्रात वर चढणाऱ्या पाण्याचे वजन खाली येणारे पाणी तोलून धरते. एकदा नळ्या पूर्ण भरल्या की पंपाला फक्त घर्षणाशी झगडायचे असते. त्यामुळे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात मिळणारा 12 व्होल्टचा छोटा ब्रशलेस पंप एका प्रोसेसरपुरता पुरतो. तो बंद पडला तरी आजचे प्रोसेसर ठरावीक तापमानाला स्वतःचा वेग उतरवतात आणि शेवटी संगणक बंद होतो. चिप सहसा जळत नाही. डेझर्ट कूलरचा 230 व्होल्टचा पंप याहून स्वस्त पडू शकतो, पण तो निवडू नये. त्याचे इन्सुलेशन फाटले तर घरातली वीज थेट चक्रातल्या पाण्यात उतरते, आणि तो फटका अंशांत मोजण्यासारखा नसतो.

वाचलेला पैसा रेडिएटरवर घालावा, कारण खरे थंड करण्याचे काम तिथेच होते. पाणी हा फक्त हमाल आहे. आकारमानाने पाहिले तर त्याची उष्णता वाहून नेण्याची क्षमता हवेच्या सुमारे साडेतीन हजार पट आहे, पण त्याने वाहिलेले सगळे ओझे अखेर हवेतच उतरवावे लागते. पाणी खोलीच्या हवेपेक्षा किती अंश वर राहील हे रेडिएटरच्या पृष्ठभागावर आणि पंख्यांवर ठरते. एका पंख्याच्या रेडिएटरने हा फरक 20 अंश राहत असेल, तर तसाच दोन पंख्यांचा रेडिएटर तो साधारण 10वर आणतो. पंपावर कितीही खर्च केला तरी एवढा फरक पडत नाही.

याच कारणाने एकच जुळणी नागपुरात आणि रत्नागिरीत वेगळी वागते. साधा रेडिएटर पाण्याला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. मे महिन्यात नागपुरातल्या खोलीत 40 अंश असतील, तर पाणी 50च्या आसपास फिरणारच. तिथे डेझर्ट कूलरचेच तत्त्व कामी येते. उभ्या पाइपमध्ये वरून पाण्याची धार शिंपडायची आणि खालून हवा फुंकायची, की बाष्पीभवनाने पाणी हवेपेक्षाही थंड होते. 44 अंश आणि 15 टक्के आर्द्रता असलेल्या हवेत ते तत्त्वतः सुमारे 23 अंशांपर्यंत उतरू शकते. एवढ्या थंड नळ्यांवर दव साचून बोर्ड भिजेल ही भीती रास्त वाटते, पण हवेचा दवबिंदू या मर्यादेच्याही खाली असतो, त्यामुळे दव धरत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र 30 अंशांच्या दमट हवेत जेमतेम दोन अंश पदरी पडतात. शिवाय उघड्या पाण्यात धूळ पडते आणि पाणी उडून गेले तरी क्षार मागे राहतात, म्हणून ब्लॉकची बारीक छिद्रे लवकर बुजतात. विदर्भातल्या प्रयोगशील माणसाने जरूर करून पाहावे. रोजच्या संगणकाला बंद चक्रच बरे.

धातूंच्या बाबतीत तडजोड नको. तांब्याचा ब्लॉक आणि ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्याने जोडले की त्यांची बॅटरी तयार होते आणि ॲल्युमिनियम हळूहळू विरघळू लागते. आधी पांढरट गाळ दिसतो, मग रेडिएटरला सुईएवढी भोके पडतात. स्वस्त रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे असतात, आणि घोटाळा इथेच होतो. मोटारीत हे दोन्ही धातू एकत्र नांदतात, मग इथे का नाही, असा आक्षेप येतो. मोटारीत गंजरोधक मिसळलेला कूलंट योग्य प्रमाणात भरलेला असतो आणि ठरावीक काळाने बदलला जातो. घरच्या जुळणीत बहुतेक वेळा नुसते पाणी भरून ते विसरले जाते. तेव्हा एक तर सगळे तांबे-पितळेचे घ्यावे किंवा सगळे ॲल्युमिनियमचे घेऊन कूलंट भरावा. भंगारातून रेडिएटर घेताना आतल्या नळीवरचा रंग ब्लेडने थोडा खरवडावा : खाली पिवळा-तांबूस धातू दिसला तर तांबे-पितळ, आरपार रुपेरी दिसला तर बहुधा ॲल्युमिनियम. जुना तांब्याचा कोअर आधी पातळ व्हिनेगरने आणि मग भरपूर पाण्याने धुवावा, म्हणजे आतला गंज आणि फ्लक्स निघतो.

नळ्यांचे मात्र तसे नाही. गवंडी लेव्हल पाहायला वापरतो ती पारदर्शक पीव्हीसी नळी हार्डवेअरच्या दुकानात अगदी स्वस्त मिळते आणि चालतेही. गरम पाण्याने ती मऊ पडते, वळणावर मुडपते, काही महिन्यांत धुरकटते, पण फार तर बदलावी लागते. काळी रबरी नळी उजेड अडवते, म्हणून तिच्यात शेवाळ धरत नाही. काटकसर नळीत करावी, सांध्यात नाही. प्रत्येक टोकाला स्क्रूची क्लिप हवीच. पाणी डिस्टिल्ड किंवा बॅटरीत घालायचे डीआयोनाइज्ड घ्यावे; आरओचे पाणी त्या जागी चालत नाही, कारण त्यात क्षार उरलेले असतात. शुद्ध पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही म्हणून गळतीची चिंता नको, हा युक्तिवादही फसवा आहे. धातू आणि धुळीच्या सहवासात ते पाणी फार काळ शुद्ध राहत नाही. खरे संरक्षण चाचणीत आहे. मदरबोर्डला वीज न देता, पॉवर सप्लायच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी तार काळीला जोडून फक्त पंप चालवावा, प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवावा आणि एक अख्खा दिवस जाऊ द्यावा. कोरड्या कागदावरचा ओला ठिपका डोळ्यांना लगेच दिसतो.

सगळ्यात वजनदार आक्षेप वेगळाच आहे : एवढ्याच पैशांत उत्तम टॉवर कूलर मिळतो, तो कधी गळत नाही आणि एका साध्या प्रोसेसरला तेवढाच थंड ठेवतो. हे अगदी खरे आहे, आणि एकट्या मध्यम प्रोसेसरसाठी तोच घ्यावा. पाण्याचा पक्ष बळकट होतो तो प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही दिवसभर तापत असताना, किंवा लहान पेटीत उंच कूलर मावत नसताना. लांब नळ्यांनी रेडिएटर खिडकीपाशी ठेवून खोली तापू न देण्याची सोय तर टॉवर कूलर देऊच शकत नाही.

कारखान्यातून भरून येणाऱ्या बंद संचांचा पर्यायही असाच सुचवला जातो. कॉर्सेअरच्या 2009च्या एच50पासून ते घरोघरी पोचले आणि आज ते स्वस्तही आहेत. पण त्यांतल्या बहुतेकांत नळीच्या भिंतीतून वर्षानुवर्षे झिरपून कमी होणारे पाणी परत भरता येत नाही, आणि पंप गेला की चांगला रेडिएटरही भंगारात जातो. सुट्या जुळणीत पंप गेला तर पंपच बदलायचा. रेडिएटर, पंखे आणि टाकी पुढच्या दोन-तीन संगणकांना पुरतात. अडचण येते ती ब्लॉक बसवण्याच्या पट्टीची. इंटेलच्या एलजीए 1150 ते 1200 या सॉकेटांभोवतीच्या भोकांतले अंतर 75 मिलिमीटर होते, 2021च्या एलजीए 1700मध्ये ते 78 झाले, त्यामुळे जुनी पट्टी निरुपयोगी ठरली. एएमडीने एएम4ची रचना एएम5मध्ये बरीचशी तशीच ठेवली, म्हणून बोर्डाच्या मूळ बॅकप्लेटवर आवळले जाणारे ब्लॉक तिथे सहसा जसेच्या तसे बसतात. जुना ब्लॉक विकत घेताना ही पट्टी सोबत आहे का, हे आधी पाहावे.