जिन्यातला दिवा आणि गच्चीवरचं ऊन
(आपल्या सोसायटीतल्या वीजबचतीचा पंचवीस वर्षांचा इतिहास)

स्मरणिका समितीने विषय वाटून दिले तेव्हा नोंदणी, पार्किंग, गणेशोत्सव हे सगळे विषय इतरांनी पटकन उचलले. माझ्या वाट्याला वीज आली. मग ऑफिसच्या कपाटातल्या इतिवृत्तांच्या वह्या आणि सामायिक मीटरच्या बिलांच्या फायली घेऊन बसलो. वह्या वाचताना एक गंमत लक्षात आली. पहिल्या वार्षिक सभेपासून एक वाक्य पुन्हा पुन्हा येतं : ‘सभासदांनी सामायिक वीज जपून वापरावी.’ सेक्रेटरी बदलले, हस्ताक्षर बदललं, वाक्य तेच. आणि शेजारी बिलं ठेवून पाहिली तर या वाक्यामुळे बिल उतरलं असा एक महिना सापडत नाही. बिल उतरलं, पण दुसऱ्याच कारणांनी. ती कारणं लिहून ठेवण्यासारखी आहेत, कारण येत्या सभेत पुन्हा एक निर्णय आपल्यापुढे आहे.

काटकसर आली कुठून?

आपल्यापैकी बरीच मंडळी पेठांमधल्या वाड्यांतून कोथरूडला राहायला आली. वाड्यात एका खोलीत एकच दिवा असे. जेवणं आटोपली की स्वयंपाकघरातला दिवा मालवायचा, हे पोरांनाही सांगावं लागत नसे. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात तापे आणि बंबात नारळाच्या शेंड्या, ढलप्या, रद्दी, जे मिळेल ते जाई. कुकरच्या भांड्यांत डाळ, भात, बटाटे एकावर एक चढत. रॉकेलसाठी रांग लावावी लागे. १९७३ च्या तेलसंकटानंतर देशात इंधनाची चणचण वाढली आणि कमी रॉकेलमध्ये जास्त आच देणारा इंडियन ऑइलचा ‘नूतन’ वातीचा स्टोव्ह घरोघर आला. याला तेव्हा कुणी ऊर्जाबचत म्हणत नव्हतं. परवडत नव्हतं म्हणून जपून वापरत होते, इतकंच. म्हणून ‘आमच्या वेळी आम्ही किती जपून वापरायचो’ असं नव्या पिढीला ऐकवताना जरा बेतानेच बोलावं. त्या वेळी पंखा लावायला पंखाच नव्हता.

पण वीज स्वस्त होती, फुकट नव्हती. तिची किंमत दुसरं कुणीतरी भरत होतं. आपण पावसाळ्यात मुळशीला भजी खायला जातो. तिथलं धरण टाटांनी मुंबईच्या विजेसाठी बांधलं. त्याच्या पाण्याखाली जमिनी जाणार म्हणून १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात तुरुंगात गेले, आणि तरी धरण झालंच. पुढे कोयना झाली. १९६२ पासून तिची वीज मिळू लागली, चार टप्पे मिळून १९६० मेगावॉट. कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी काही कुटुंबांचं पुनर्वसन आजही पूर्ण झालेलं नाही. उरलेली बरीचशी वीज चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांतून येते, तिथल्या हवेत त्याचा धूर आहे. आपल्या जिन्यातला दिवा रात्रभर विनाकारण जळतो तेव्हा नुकसान फक्त सोसायटीच्या खात्याचं होत नाही, हे यासाठी सांगितलं.

लोडशेडिंगची वर्षं

आपली नोंदणी २००० ची. त्याच सुमारास राज्याच्या विजेचं गणित विस्कटलं. १९९९ मध्ये सुरू झालेला दाभोळचा प्रकल्प मे २००१ मध्ये बंद पडला. मागणी वाढत राहिली, नवी निर्मिती त्या वेगाने झाली नाही. २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण, महापारेषण, महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या. तोवर ‘भारनियमन’ हा शब्द आपल्या पोरांच्या निबंधात आला होता.

त्या दिवसांत दिवे गेले की सगळी मंडळी पार्किंगमध्ये उतरायची. खरं सांगायचं तर ए आणि सी विंगच्या लोकांची एकमेकांशी ओळख झाली ती अंधारात. लिफ्टमध्ये कुणी अडकू नये म्हणून वेळापत्रक पाहून पाच मिनिटं आधी लिफ्ट बंद करायचं काम वॉचमनकाकांकडे होतं आणि त्यांनी ते एकदाही चुकवलं नाही.

मग घरोघरी इन्व्हर्टर आले. सोय झाली, पण ही बचत नव्हे. बॅटरी भरताना आणि रिकामी होताना विजेचा चांगला हिस्सा उष्णतेत जातो. म्हणजे तुटवड्याच्या काळात आपण एकंदरीत जास्तच वीज ओढत होतो.

२००६ मध्ये पुण्याने वेगळा तोडगा काढला, तो ‘पुणे पॅटर्न’ म्हणून गाजला. उद्योगांनी गर्दीच्या तासांत स्वतःचे जनरेटर चालवायचे, त्यामुळे मोकळी झालेली वीज शहराला मिळायची, आणि जादा खर्च जास्त वापर करणाऱ्या ग्राहकांच्या बिलातून घ्यायचा. शहर उजळलं. खेड्यांत मात्र अंधाराचे तास कितीतरी जास्त होते. आपल्या कित्येकांची गावाकडची भावंडं शेतीच्या पंपासाठी रात्री बारा-बारा वाजता उठत होती. पैसे मोजून आपण अंधार टाळला, तुटवडा काही गेला नाही.

पंधरा दिव्यांचा हिशेब

आता आपल्या जिन्याकडे येऊ. तीन विंग, तळमजला धरून पाच मजले, म्हणजे पंधरा दिवे. सुरुवातीला ६० वॅटचे साधे पिवळे बल्ब होते. पंधरा गुणिले साठ म्हणजे ९०० वॅट. रात्रीचे बारा तास धरले तर १०.८ युनिट, महिन्याला सव्वातीनशेच्या घरात. या बल्बमध्ये विजेचा अगदी थोडा भाग प्रकाशाला लागतो, बाकी सगळी उष्णता. थोडक्यात, आपण रात्रभर जिना तापवत होतो.

नंतर सीएफएल आले. वीज पाव-चतुर्थांशावर आली, पण दिवा महाग, त्यामुळे तो जिन्यातून गायब होऊ लागला. मग समितीने तारेच्या जाळ्या बसवल्या. काही जाळ्या अजून आहेत, आत दिवा नाही.

खरा बदल एलईडीने केला. पांढरा एलईडी शक्य झाला तो निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्याबद्दल तीन जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं. लगेच जानेवारी २०१५ मध्ये केंद्र सरकारची ‘उजाला’ योजना आली. सरकारने एकगठ्ठा खरेदी केली. २०१४ च्या सुरुवातीला ३१० रुपयांना पडणारा दिवा दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या खाली आला. देशभरात असे छत्तीस कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. आपणही बिल दाखवून रांगेत उभं राहून ते घेतले. आता जिन्यात ९ वॅटचे पंधरा दिवे, म्हणजे १३५ वॅट. महिन्याला पन्नासच्या आत युनिट. पंचवीस वर्षांच्या सूचनेने जे झालं नाही, ते एका दुपारी शिडी लावून दिवे बदलल्यावर झालं.

सेन्सरचा किस्सा याच काळातला. माणूस आला की दिवा लागतो, थोड्या वेळाने विझतो. बी विंगमधल्या आजींनी तक्रार केली, ‘अरे, मी मधल्या पायरीवर असते आणि तुमचा दिवा जातो.’ आजींचं म्हणणं बरोबर होतं. तरुण माणसाच्या चालीवर वेळ लावली होती. ती वाढवली आणि प्रश्न मिटला. ज्या बचतीत म्हातारं माणूस पडेल ती बचत नव्हे.

पाणी म्हणजे वीजच

फायलींमधून मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटलेली गोष्ट पंपाची. आपला पंप पाच हॉर्सपॉवरचा, म्हणजे तासाला पावणेचार युनिटच्या आसपास. वरची टाकी भरून गच्चीवरून धबधबा सुरू झाला की कुणीतरी ओरडायचं, ‘टाकी वाहतेय!’ मग वॉचमन धावायचा. रोज अर्धा तास पाणी वाहिलं तर दोन युनिट गेले, महिन्याला साठ, म्हणजे जिन्यातल्या सगळ्या दिव्यांपेक्षा जास्त! टाकीत फ्लोट आणि खाली आपोआप बंद होणारा स्टार्टर बसवला तेव्हा ही गळती थांबली. पण फ्लशची टाकी गळत असेल, तर ते पाणी पुन्हा पंपानेच वर चढवलेलं असतं. तेव्हा प्लंबरला बोलावणं हीसुद्धा वीजबचत आहे.

घराच्या आत

२००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला. २००६ पासून फ्रिजवर, ट्यूबवर तारे दिसू लागले आणि २०१० पासून काही उपकरणांना ते सक्तीचे झाले. पंख्यांना ही सक्ती २०२३ मध्ये आली. जुना छताचा पंखा ७५ वॅट घेतो, नवा बीएलडीसी पंखा तीस-पस्तीस. आपल्याकडे पंखे वर्षातले आठ-नऊ महिने फिरतात, त्यामुळे हा बदल दिव्यांच्या खालोखाल सोपा आहे.

तरी घराघरांतली बिलं उतरलेली नाहीत. कारण उघड आहे. दिव्यात जे वाचलं ते गीझरने आणि ए.सी.ने घेतलं. हिशेब पाहा : एक मोठी बादली आंघोळीपुरती तापवायला साधारण अर्धा युनिट लागतो. तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा पन्नास तासांहून जास्त चालतो. दीड टनाचा जुना ए.सी. एका तासात दीड युनिटच्या आसपास खातो. म्हणून मुलाने बाथरूमचा दिवा चालू ठेवला म्हणून ओरडायचं आणि गीझर तासभर चालू ठेवायचा, यात काही ताळमेळ नाही. जिथे तापवणं आणि थंड करणं आहे, तिथे खरी वीज जाते. ए.सी.सुद्धा आता सुरू केल्यावर २४ अंशांवर येतो, २०२० पासून तसा नियमच आहे. तो तिथेच राहू दिला तरी फरक पडतो.

गच्चीवरचे सांगाडे

गच्चीवर गेलात तर सौर बंबांचे गंजलेले सांगाडे दिसतील. बांधकामाच्या वेळी ते बसवले होते. पहिली काही वर्षं उत्तम गरम पाणी आलं. पुढे पाण्याची ओढ लागली, टाकीत बोअरचं पाणी मिसळलं, नळ्यांमध्ये क्षार बसले. ते वर्षातून एकदा साफ करायला हवे होते. वहीत ‘दुरुस्ती करून घ्यावी’ असं तीनदा लिहिलं आहे. कुणी करून घ्यावी, ते एकदाही लिहिलेलं नाही. शेवटी सगळ्यांनी गीझर घेतले.

हे मुद्दाम लिहितो, कारण गच्चीवर सौर पॅनेल बसवण्याचा ठराव दोन सभांत पुढे ढकलला गेला आहे आणि येत्या सभेत तो पुन्हा येणार आहे. २०२४ च्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. दहा किलोवॉटला सुमारे शंभर चौरस मीटर जागा लागते आणि वर्षभराची सरासरी धरली तर दिवसाला चाळीसेक युनिट मिळतात. पंप, लिफ्ट, जिना, पार्किंग यांचा बराचसा भार त्यावर निघेल. दिवसा उरलेली वीज ग्रीडमध्ये जाते आणि बिलात वळती होते.

आक्षेपही खरे आहेत. वरच्या मजल्यावरच्या सभासदांना गळतीची भीती आहे आणि पावसाळ्यात त्यांच्या छताला आलेली ओल मी स्वतः पाहिली आहे. तळमजल्यावरचे म्हणतात, आम्ही लिफ्ट वापरत नाही, तरी उपविधीप्रमाणे तिचा खर्च समान भरतो, आता हाही भरायचा का? सत्तरी ओलांडलेले विचारतात, पैसे वसूल होईपर्यंत आम्ही असू का?

माझं मत सांगतो. आधी वॉटरप्रूफिंग, मग पॅनेल, हा क्रम ठरावातच लिहावा. सामायिक बिल उतरलं की मेंटेनन्समधला तो भाग सगळ्यांचाच उतरेल, तळमजल्याचाही. सत्तरीवरच्यांसाठी मात्र पैशाचं उत्तर माझ्याकडे नाही. पण याच पिढीने वर्गणी काढून आवारात आंबा लावला, तेव्हा तो खायला आपण असू का, असं कुणी विचारलं नव्हतं.

आणि एक अट. पॅनेलवर धूळ बसते, ती दर पंधरा-वीस दिवसांनी धुवावी लागते. ते कोण करणार, त्याला पैसे किती, तो आला नाही तर फोन कुणी करायचा, ही तिन्ही उत्तरं ठरावात हवीत. उत्तरं असतील तर मी पहिला हात वर करीन. नसतील तर पॅनेल बसवू नयेत, गच्चीवर आधीच पुरेसे सांगाडे आहेत.