एकवीस वर्षांचा ‘मुलगा’ : जस्ताच्या शोधाची कथा

१/ इ.स. १९५८. इराणमधील शिराझ शहर. तेथील इस्पितळात एक रुग्ण तपासणीसाठी आला. वय एकवीस वर्षे, शरीरयष्टी मात्र दहा वर्षांच्या मुलाची. जननेंद्रिये बालकासारखी, त्वचा खरखरीत, अंगात रक्त कमी. पुरुषाची प्रजननक्षमता त्याच्या ताटातील अन्नावर किती अवलंबून असते, हे वैद्यकशास्त्राला ज्या रुग्णामुळे कळले, त्याची ही कथा. #थ्रेड #इतिहास

२/ त्याला तपासणारे डॉक्टर भारतीय होते : आनंद प्रसाद. जन्म १९२८, बिहारमधील बक्सर. वैद्यकीय शिक्षण पाटण्यात, पुढील संशोधन अमेरिकेत. त्यांनी रुग्णाच्या आहाराची चौकशी केली. हा तरुण जवळजवळ केवळ गव्हाच्या रोटीवर जगत होता. मांस-दूध नावापुरते. शिवाय तो रोज सुमारे अर्धा किलो माती खात असे!

३/ तो एकटा नव्हता. थोड्याच काळात अशाच लक्षणांचे आणखी दहा रुग्ण प्रसाद यांच्यासमोर आले. शिराझच्या आसपासच्या खेड्यांत माती खाण्याची सवय बरीच रूढ होती. प्रश्न एवढाच होता : या तरुणांचे तारुण्य नेमके कशामुळे अडले?

४/ रक्तक्षयाचे कारण उघड होते : लोहाची कमतरता. परंतु केवळ लोह कमी पडल्याने प्राण्यांची वाढ खुंटते आणि वृषणे अविकसित राहतात, असे प्रयोगांत आढळले नव्हते. रुग्णांना लोह आणि इस्पितळातील सकस आहार दिल्यावर मात्र त्यांची वाढ सुरू झाली, तारुण्याची चिन्हे उमटू लागली. अर्थात दोष जन्मजात नव्हता. अन्नात काहीतरी उणे होते.

५/ प्रसाद यांचा संशय जस्तावर, म्हणजे झिंकवर गेला. बुरशीच्या वाढीला जस्त लागते हे फ्रान्समध्ये १८६९ सालीच दाखवले गेले होते. उंदरांनाही ते आवश्यक असल्याचे १९३४ साली सिद्ध झाले होते. पण माणसाला जस्ताची उणीव भासेल, ही कल्पना त्या काळी कोणी गंभीरपणे घेत नसे. १९६१ साली प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांवरील निबंध प्रसिद्ध केला.

६/ येथे एक शंका येईल : गव्हात तर जस्त असते, मग उणीव कशी? उत्तर कोंड्यात आहे. धान्याच्या बाहेरील थरात फायटेट नावाचे द्रव्य असते. ते आतड्यात जस्ताला आणि लोहाला बांधून ठेवते. पीठ आंबवले की फायटेटचा बराचसा भाग मोडतो, पण या खेड्यांतील रोटी बिनखमिराची होती. पोट भरत होते, जस्त मात्र रक्तात पोहोचत नव्हते.

७/ संशयाला पुरावा हवा होता. तो इजिप्तमध्ये मिळाला. कैरोजवळच्या खेड्यांतही अशीच खुंटलेली मुले होती. ती माती खात नव्हती, आहार मात्र तसाच धान्यप्रधान होता आणि जोडीला पोटातील परजीवींचा त्रास. प्रसाद यांच्या गटाने रक्त आणि केस यांतील जस्त मोजले. ते खरोखरच कमी निघाले. १९६३ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

८/ निर्णायक ठरले ते उपचार. ज्यांना जस्त दिले गेले, त्यांची उंची वर्षभरात पाच ते सहा इंचांनी वाढली. बारा ते चोवीस आठवड्यांत जननेंद्रिये सामान्य आकाराला आली. केवळ लोह किंवा केवळ प्राणिज प्रथिनांचा आहार मिळालेल्यांची प्रगती इतकी वेगवान नव्हती.

९/ तरीही वैद्यकविश्वाने हे लगेच स्वीकारले नाही. सुमारे दहा वर्षे वाद चालला. अखेर १९७४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने मानवी आहारातील जस्ताचे आवश्यक प्रमाण प्रथमच निश्चित केले.

१०/ पुढचा प्रश्न प्रौढांचा. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात पाच पुरुष स्वयंसेवकांच्या आहारातील जस्त मुद्दाम घटवण्यात आले. चौघांच्या शुक्राणूंची संख्या स्पष्टपणे घसरली. जस्त पुन्हा सुरू केल्यावर ती पूर्ववत झाली, परंतु त्यास सहा ते बारा महिने लागले. म्हणजे तारुण्यात आलेल्या पुरुषालाही ही उणीव बाधते.

११/ मग जस्ताच्या गोळ्या घेतल्या की प्रजननक्षमता वाढते? बाजार तसेच सांगतो. पण २०२० साली अमेरिकेत २३७० जोडप्यांवरील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. जस्त आणि फॉलिक ॲसिड घेणाऱ्या पुरुषांच्या वीर्याची गुणवत्ता सुधारली नाही आणि अपत्यप्राप्तीचे प्रमाणही वाढले नाही. दोन्ही निष्कर्षांत विरोध नाही. जिथे उणीव आहे तिथे जस्त हे औषध आहे. जिथे ती नाही, तिथे जास्तीची मात्रा नवे सामर्थ्य देत नाही.

१२/ ज्वारी, बाजरी, कडधान्ये यांतही फायटेट असते. धान्य भिजवणे, मोड आणणे, पीठ आंबवणे या आपल्या स्वयंपाकघरांतील जुन्या रीतींनी ते कमी होते. मात्र शिराझच्या त्या तरुणाची खरी अडचण पाककृतीची नव्हती. त्याच्या ताटात रोटीखेरीज जवळजवळ काहीच नव्हते. आजही मूल न होण्याचा दोष आपल्याकडे नशिबाला, कुळाला आणि बहुतेक वेळा बाईला दिला जातो. तो देण्यापूर्वी पुरुषाचीही तपासणी व्हावी आणि त्याच्या ताटाचीही चौकशी व्हावी, एवढे या इतिहासातून घेण्यासारखे आहे.

(समाप्त)