इलेक्ट्रॉनिक व्यापार : समान अर्थाचा शोध

इलेक्ट्रॉनिक व्यापाराचा इतिहास हा यंत्रांइतकाच परस्परसंमतीचा इतिहास आहे. १९४८-४९ च्या बर्लिन हवाई पुरवठ्यात मालयाद्यांच्या भिन्न भाषा व नमुन्यांमुळे अडचणी येत; तेव्हा अमेरिकी सैन्यातील एडवर्ड गिल्बर्ट यांनी टेलेक्सवरून पाठविता येईल अशी प्रमाणित यादी तयार केली. १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने सिद्ध झालेल्या ‘एडिफॅक्ट’ला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा लाभला. मात्र ही खर्चिक व्यवस्था बहुतांशी मोठ्या उद्योगांपुरती राहिली. लहान व्यापाऱ्यांनाही सामावून घेण्यासाठी १९९९ ते २००१ या काळात ‘ईबीएक्सएमएल’ विकसित झाले. तथापि, केवळ रकाना ठरविल्याने अर्थ ठरत नाही. ‘पुरवठा-दिनांक’ म्हणजे माल पाठविल्याचा दिवस की मिळाल्याचा? हा अर्थ संकल्पनांचे परस्परसंबंध निश्चित करणाऱ्या ऑन्टॉलॉजीत नोंदवावा लागतो. ती नोंद करताना लहान व्यापारी अनुपस्थित असेल, तर बलवानाचा अर्थच प्रमाण ठरतो.