वय की विकार? मुलांच्या मनाची वाढ समजून घेताना

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, अशी म्हण मराठीत रूढ आहे. मनाच्या बाबतीत मात्र ती पुरती खरी ठरत नाही. मूल जसे टप्प्याटप्प्याने रांगते, उभे राहते, चालते, तसेच त्याचे मनही टप्प्याटप्प्याने घडत जाते आणि प्रत्येक टप्प्यावरचे वागणे वेगळे असते. दोन वर्षांच्या मुलाने भर बाजारात जमिनीवर लोळण घेणे हा वाढीचा भाग असतो. दहाव्या वर्षी तेच वारंवार घडू लागले, तर ते दुर्लक्षून चालत नाही. कोणती गोष्ट वयाची आणि कोणती विकाराची, हे न उमगल्यामुळे अनेक घरांत मदत मागायला उशीर होतो. 'वयाचा परिणाम आहे, मोठा झाला की सुधारेल' या एका वाक्यात महत्त्वाची वर्षे निघून जातात.

हा उशीर महागात पडतो. प्रौढ वयात दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी सुमारे निम्म्या विकारांची सुरुवात वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत झालेली असते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बेंगळुरूच्या 'निमहान्स' संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले. ग्रामीण भागात हे प्रमाण ६.९ टक्के, तर महानगरांत १३.५ टक्के होते. नाशिकसारख्या झपाट्याने वाढणाऱ्या शहरातील पालकांनी या आकड्यांकडे गांभीर्याने पाहावयास हवे.

वाढीचे टप्पे

पहिल्या वर्षात मूल जवळच्या माणसावर विश्वास ठेवण्यास शिकते. आठव्या-नवव्या महिन्यापासून अनोळखी चेहरा दिसताच ते रडू लागते. आई नजरेआड झाली की कासावीस होते. हा भित्रेपणा नसून, आपले माणूस ओळखता येऊ लागल्याची ती खूण असते. बारा महिन्यांचे मूल नावाने हाक मारल्यावर वळून पाहते, दीड वर्षाचे मूल हवी ती वस्तू बोटाने दाखवते, दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडून बोलते. या गोष्टी वेळेवर दिसल्या नाहीत तर श्रवणदोष, विकासातील विलंब किंवा स्वमग्नता यांची तपासणी करून घ्यावी. 'आमच्या घरात सगळेच उशिरा बोलतात' या समाधानावर विसंबून राहू नये.

दोन ते पाच या वयात हट्ट, 'माझे मीच करणार' ही वृत्ती, अंधाराची भीती, काल्पनिक सवंगडी, बोलताना अडखळणे हे सारे आढळते आणि बहुतेक मुलांमध्ये ते आपोआप ओसरते. सहा ते अकरा हे शाळेचे वय. आपल्याला काही जमते, ही भावना याच काळात रुजते. सतत तुलना आणि अपमान वाट्याला आलेल्या मुलात ती रुजत नाही. एरिक एरिकसन या मानसशास्त्रज्ञाने १९५० मध्ये माणसाच्या आयुष्याचे आठ मनोसामाजिक टप्पे मांडले. त्यात त्याने शालेय वयासाठी उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड आणि किशोरवयासाठी 'मी कोण' या प्रश्नाचा शोध असा संघर्ष सांगितला आहे.

किशोरवयात शरीर झपाट्याने बदलते. भावना चेतवणारे मेंदूतील भाग लवकर जागे होतात, तर परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पूर्ण परिपक्व होतो. चटकन येणारा संताप, मित्रांच्या मताला दिलेले अवास्तव महत्त्व, धाडसाची ओढ यांचे मूळ बऱ्याच अंशी या तफावतीत आहे. रात्री झोप उशिरा येणे हाही या वयाचा एक शारीरिक बदल आहे. तो केवळ आळस नव्हे. १३ ते १८ या वयात आठ ते दहा तासांची झोप आवश्यक मानली जाते. पहाटेचा क्लास, दिवसभर कॉलेज आणि रात्रीचा मोबाइल या वेळापत्रकात ती बसत नाही.

तीन कसोट्या

मोठी माणसे उदास वाटते, भीती वाटते, असे सांगू शकतात. लहान मुलांकडे त्यासाठी शब्द नसतात. त्यांचे मन शरीरातून आणि वागण्यातून बोलते. शाळेच्या दिवशीच सकाळी पोट दुखणे, सुकलेले अंथरूण पुन्हा ओले होऊ लागणे, नखे कुरतडणे, जेवण तुटणे, खेळ सोडून देणे ही त्याची काही रूपे आहेत. किशोरवयीन मुलांचे नैराश्य पुष्कळदा दुःखी चेहऱ्याने येत नाही. ते चिडचिडीच्या आणि उद्धटपणाच्या रूपाने येते. त्यामुळे जेथे उपचार हवा तेथे शिक्षा होते.

वयाचे वागणे आणि विकार यांतील फरक ओळखण्यासाठी तीन प्रश्न उपयोगी पडतात. हा बदल किती दिवस टिकून आहे? तो केवळ घरी दिसतो की शाळेत आणि मित्रांमध्येही दिसतो? त्यामुळे मुलाचे शिकणे, झोपणे, जेवणे, खेळणे बिघडले आहे का? उदास मन किंवा सतत चिडचिड दोन आठवड्यांहून अधिक टिकली आणि दिनक्रम बिघडला, तर सल्ला घ्यावा. अतिचंचलतेचे निदान करताना लक्षणे किमान सहा महिन्यांची, बाराव्या वर्षाआधी सुरू झालेली आणि एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावी लागतात. शेजाऱ्याच्या एका वाक्यावरून किंवा इंटरनेटवरील प्रश्नावलीवरून मुलाला विकाराचे नाव चिकटविणे म्हणूनच चुकीचे ठरते.

मरणाविषयीचे बोलणे मात्र कोणत्याही कसोटीची वाट न पाहता गांभीर्याने घ्यावे. थेट विचारल्याने तसा विचार मुलाच्या डोक्यात येतो, ही समजूत खरी नाही. शांतपणे विचारल्याने मुलाचा भार हलका होतो आणि मदतीचा मार्ग खुला होतो.

मतिमंदत्व, अध्ययन अक्षमता आणि मनोविकार

या तिन्हींची गल्लत आजही सर्रास होते. बौद्धिक अक्षमता ही वाढीच्या काळातील मर्यादा आहे, तो मनोविकार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानेही मानसिक आजाराच्या व्याख्येतून तिला वगळले आहे. अशा मुलाला गरज असते ती मुख्यतः त्याच्या गतीने शिकविणाऱ्या शाळेची. नाशिकला हे फार पूर्वी उमगले. पेशाने शिक्षिका आणि स्वतः अशाच एका मुलाची आई असलेल्या रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये मोजक्या मुलांना घेऊन नाशिकमध्ये प्रबोधिनीची शाळा सुरू केली. अशी मुले घरात दडवून ठेवण्याचा तो काळ होता. त्यांना शिकविता येते आणि मोठेपणी कामही देता येते, हे या शाळेने शहराला दाखवून दिले.

अध्ययन अक्षमता ही आणखी वेगळी बाब. येथे बुद्धी सर्वसाधारण असते, वाचन, लेखन वा गणित यांपैकी एखाद्या ठिकाणीच गाडी अडते. २००७ मधील 'तारे जमीं पर' या चित्रपटाने हा विषय घराघरांत नेला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता आणि अध्ययन अक्षमता या तिन्हींचा समावेश आहे. प्रमाणपत्र असल्यास अध्ययन अक्षम विद्यार्थ्याला राज्य मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक आदी सवलती मिळतात. निदान न झालेले मूल मात्र 'आळशी' ठरते आणि त्याच्या मूळच्या अडचणीत चिंता आणि न्यूनगंडाची भर पडते.

गुणांचे ओझे

कॉलेज रोड, गंगापूर रोड परिसरातील क्लासच्या फलकांवर गुणवंतांची छायाचित्रे झळकतात. त्या फलकावर नसलेल्या मुलांची संख्या कितीतरी मोठी असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशात १३ हजार ८९ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी १ हजार ८३४ महाराष्ट्रातील होते आणि राज्यांमध्ये ही संख्या सर्वाधिक होती. आत्महत्येमागे एकच कारण क्वचितच असते. परीक्षा हे बहुधा शेवटचे निमित्त ठरते. त्यामागे न ओळखलेले नैराश्य, घरातील ताण, एकटेपणा असू शकतो.

व्यवस्थेने काही पावले उचलली आहेत. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांचे वर्ष वाया जाऊ नये, म्हणून राज्य मंडळाने २०१५ पासून जुलैमध्ये फेरपरीक्षा सुरू केली. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने सोळा वर्षांखालील मुलांना कोचिंग क्लासमध्ये प्रवेश देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्व जाहीर केले. शंभर वा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये बजावले. शाळा किंवा क्लास निवडताना निकालाबरोबरच समुपदेशक आहे का, हेही पालकांनी विचारावे.

घरापासून दूर

जिल्ह्याचे दुसरे चित्र शहरापलीकडे आहे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्ये आहे आणि राज्यातील हजाराहून अधिक शासकीय व अनुदानित आश्रमशाळांचा कारभार त्याच्या अखत्यारीत येतो. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या तालुक्यांतील अनेक मुले सहाव्या-सातव्या वर्षीच घर सोडून या शाळांत राहावयास येतात. ज्या वयात रात्री भीती वाटल्यास आईचा हात हवा, त्या वयात ती सामूहिक निवासात झोपतात. शिवाय घरची बोली वेगळी आणि शाळेची मराठी वेगळी. घरून परतल्यावर गप्प राहणारे किंवा पळून जाण्याचा प्रयत्न करणारे मूल शिस्तभंग करीत नसते, ते आपली व्यथा सांगत असते. मुलाला बोलीतून बोलते करणारा एक जरी विश्वासाचा मोठा माणूस मिळाला, तरी पुष्कळ फरक पडतो.

उपचार कोणाकडे?

समुपदेशक बोलण्यातून अडचण उलगडतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि मानसोपचार करतो. मानसोपचारतज्ज्ञ हा वैद्यकीय डॉक्टर असतो आणि औषधे तोच देतो. लहान मुलांवर खेळ आणि चित्रे यांच्या माध्यमातून, तर मोठ्या मुलांवर विचार व वर्तन बदलण्याच्या पद्धतीने उपचार केले जातात. औषध प्रत्येक वेळी लागत नाही. लागल्यास ते व्यसन लावते या भीतीने मध्येच बंद करणे घातक ठरू शकते. पालकांचे वागणे हाही उपचाराचा भाग असतो. शाळेतील शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी घातली आहे. घरातील माराला आणि टोमण्यांना मात्र पालकांनाच आळा घालावा लागेल.

मुलाने काही सांगितले, तर आधी उपदेश न करता ऐकून घेणे, ही पहिली मदत होय. तीस कोणतेही शुल्क पडत नाही.

मदत कोठे मिळेल?

- 'टेलिमानस' : दूरध्वनी १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेली मोफत, चोवीस तास सेवा, मराठीतही उपलब्ध.
- चाइल्डलाइन : १०९८. संकटातील मुलांसाठी.
- त्र्यंबक रस्त्यावरील जिल्हा शासकीय रुग्णालय : मानसोपचार विभाग.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम : अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा, शाळेतील मुलांची एकदा तपासणी. विकासातील विलंबाची शंका असल्यास या पथकाला आवर्जून सांगावे.
- 'मैत्री' क्लिनिक : शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांसाठी सल्ला केंद्र.