उत्तरपत्रिका जाते कुठे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून टाकतोय.

मागच्या महिन्यात घरी गेलो होतो. परत निघताना मलकापूर स्टेशनवर गाडीची वाट बघत बसलो, तर शेजारी कॉलेजची दोन पोरं मोबाईलवर निकाल बघत होती. एकाने स्क्रीन वर-खाली केली आणि म्हणाला, "लागला एक." विषयाचं नाव, आकडा, आणि पुढे एक इंग्रजी अक्षर. सहा महिन्यांच्या अभ्यासावर त्याला मिळालेला अभिप्राय एवढाच. कुठे चुकलं, का चुकलं, काही नाही.

गाडीत बसल्यावर डोक्यात तेच फिरत होतं. ही पद्धत आली कुठून?

त्यासाठी 1857 मध्ये जावं लागतं. त्या वर्षी कोलकाता, मुंबई आणि मद्रास अशी तीन विद्यापीठं सुरू झाली. नमुना होता लंडन विद्यापीठाचा. आणि गंमत अशी की ही विद्यापीठं तेव्हा शिकवतच नव्हती! शिकवायची कॉलेजं. विद्यापीठ फक्त परीक्षा घ्यायचं आणि पदवी द्यायचं. म्हणजे जो मास्तर तुम्हाला रोज बघतो, त्याच्या हातात निकाल नाही; आणि जो पेपर तपासतो, त्याला तुम्ही कोण हे माहीत नाही.

आता आपल्या बुलढाण्याचं बघू. आपण वऱ्हाडातले. एकोणिसाव्या शतकात इथल्या पोराला पदवी घ्यायची तर मुंबई-पुणे गाठायचं, नाहीतर नागपूर. नागपुरात 1883 ला हिस्लॉप कॉलेज निघालं, 1885 ला मॉरिस कॉलेज. पण ही कॉलेजं जोडलेली होती कोलकाता विद्यापीठाला! शिकायचं नागपुरात आणि पास की नापास ते ठरवणार हजारेक किलोमीटरवरचं विद्यापीठ. 1904 च्या विद्यापीठ कायद्यानंतर ही कॉलेजं अलाहाबादला जोडली गेली. मग 1923 मध्ये नागपूर विद्यापीठ झालं, सहा कॉलेजं आणि 927 विद्यार्थी घेऊन. त्याच वर्षी अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेजही सुरू झालं. आणि 1983 मध्ये अमरावतीलाच वेगळं विद्यापीठ आलं, ज्यात आज आपला जिल्हा आहे.

कोलकाता, अलाहाबाद, नागपूर, अमरावती. शंभर वर्षांत परीक्षा घेणारं विद्यापीठ सरकत सरकत जवळ आलं. पण पोराच्या हातात काय पडलं? तेव्हाही आकडा, आताही आकडा.

आता लगेच "इंग्रजांनी वाट लावली" म्हणू नका. या दुराव्यात एक मोठी गोष्ट होती. बैठक क्रमांकाला आडनाव नसतं. तपासणाऱ्याला तुमचं गाव कळत नाही, जात कळत नाही, बाप कोण ते कळत नाही. वशिला नसलेल्या पोरासाठी हे कवच होतं, आजही आहे. फक्त त्याची किंमत अशी की तपासणारा तुमच्याशी एक शब्दही बोलत नाही. न्याय मिळतो, शिकवण मिळत नाही.

मी आता सॉफ्टवेअरमध्ये आहे. आमच्याकडे तुम्ही कोड लिहिला की सीनियर ओळ न् ओळ वाचतो आणि ज्या ओळीत घोळ आहे तिथेच कमेंट टाकतो. पहिल्या महिन्यात मला एकाच कामावर चाळीस कमेंट आल्या होत्या. राग आला, पण शिकलो. आणि तेव्हा लक्षात आलं की चार वर्षांच्या बीटेकमध्ये असं फक्त एकदाच झालं होतं.

ते असं. तिसऱ्या सेमिस्टरला माझा गणिताचा पेपर राहिला. कॉलेज आणि विद्यापीठाचं नाव घेत नाही. मेसच्या पैशातून फी भरून मी उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली. माझा रूममेट मोताळ्याकडचा, त्याचे दोन विषय राहिले होते. त्याला म्हटलं, तूही मागव. तो म्हणाला, "पाहून काय होनार हाये? मार्क का वाढनार हायेत?"

माझे मार्क खरंच वाढले नाहीत. पण तीन गणितांत मी एकच चूक केली होती, प्रत्येक वेळी चिन्ह बदलायचं विसरलो होतो. तपासणाऱ्याने त्या चिन्हाभोवती लाल गोल काढला होता. एवढंच. पुढच्या वेळी पास झालो. रूममेटने वर्षभराने कॉलेज सोडलं. कुठे चुकतंय ते त्याला कधीच कळलं नाही. हुशार होता, हे मी उगाच म्हणत नाहीये, मला प्रोग्रामिंग त्यानेच शिकवलं.

आणि ही झेरॉक्स मागायचा हक्क कुठून आला माहितीये? परत कोलकात्याहूनच! प्रीतम रूज नावाच्या विद्यार्थ्याने माहितीच्या अधिकारात कोलकाता विद्यापीठाकडे स्वतःची उत्तरपत्रिका मागितली. विद्यापीठाने नकार दिला. 2008 मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला, 2009 मध्ये खंडपीठानेही तोच कायम केला. मग सीबीएसईच्या एका खटल्यात 9 ऑगस्ट 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही 'माहिती' आहे आणि विद्यार्थी ती बघू शकतो, प्रत घेऊ शकतो. तपासणाऱ्याचं नाव मात्र झाकलेलं राहील. म्हणजे कवचही राहिलं आणि दारही उघडलं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. या हक्काने पेपर परत तपासून मिळत नाही, त्यासाठी विद्यापीठाचा नियम वेगळा बघावा लागतो. आणि उत्तरपत्रिका जपून ठेवायची मुदत संपली की बघायला काही उरत नाही. त्यामुळे निकाल लागला की आठवडाभर रुसून बसू नका, आधी तारखा बघा.

त्या दिवशी स्टेशनवर त्या पोराला मी एवढंच म्हटलं, "झेरॉक्स मागव." त्याने विचारलं, "मार्क वाढतात का?" मी म्हटलं, "माझे नव्हते वाढले." तेवढ्यात माझी गाडी आली, पुढचं सांगायचं राहून गेलं. तो हे ऐकत असेल तर पुढचं हे आहे, इथे सांगितलं.

भेटू पुढच्या भागात.